‘घरफोडी’ : शब्द कसा उलगडावा आणि कुठे कसा वापरावा

घरफोडी हा शब्द बातमीत, फिर्यादीत, विम्याच्या कागदात आणि राजकीय भाषणात सारख्याच सहजपणे येतो. पण या चारही ठिकाणी त्याचा अर्थ एकच नसतो. बातमीदाराला त्यातून चोरी सांगायची असते, फौजदाराला प्रवेशाची रीत, विमा कंपनीला दारावर झालेली मोडतोड, तर वक्त्याला कुटुंबात किंवा पक्षात पाडलेली फूट. शब्द नीट उलगडून पाहिला की या अर्थांचे एकमेकांशी नाते लागते आणि लिहिताना चूक होत नाही. त्यासाठी एक मोठा मराठी कोश, एक व्युत्पत्तिकोश आणि भारतीय न्याय संहितेची प्रत एवढे साहित्य पुरते. या शब्दाचा सगळा भार आत शिरायच्या वाटेवर आहे, गेलेल्या ऐवजावर नाही. हे धरून चालले की पुढचे बरेचसे आपोआप उलगडते.

पदे वेगळी करा

घर, फोड आणि शेवटची ‘ई’ असे तीन तुकडे पडतात. ‘घर फोडणे’ या क्रियेचे ते नाम आहे. गळा चेपण्यावरून गळचेपी आणि मुस्कट दाबण्यावरून मुस्कटदाबी होते, तशीच ही घडण. मात्र शब्दाचा बाहेरचा साचा पाहून लगेच विग्रह करू नये. वाटमारी हा शब्द दिसायला अगदी असाच आहे, पण तिथे वाटेला कोणी मारत नाही, वाटेवर माणसाला मारतात. म्हणून प्रत्येक वेळी क्रियापदाला ‘काय?’ आणि ‘कुठे?’ असे दोन्ही प्रश्न विचारावेत. घरफोडीत ‘काय फोडले?’ याचे उत्तर ‘घर’ असे येते, म्हणजे पहिले पद कर्म आहे.

आता दुसऱ्या पदाकडे वळू. मराठीत ‘फोडी’ आणि ‘फुटी’ असे दोन शेजारी आहेत. ढगफुटी, धरणफुटी, पेपरफुटी हे शब्द ‘फुटणे’वरून आले. ढग फुटला, धरण फुटले, पेपर फुटला. कर्ता सांगायची गरजच नाही. घरफोडी ‘फोडणे’वरून आली आणि फोडायला कोणीतरी लागतो. म्हणजे गुन्हेगार अज्ञात असला तरी तो शब्दाच्या आतच बसलेला आहे. पेपरफुटी हा शब्द रूढ झाल्यामुळे पेपर फोडणारा मात्र वाक्याबाहेर राहतो, हे बातम्या लिहिणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. पेपर आपोआप फुटत नाही.

कोशात शोधताना

दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात (मुख्य सात खंड, १९३२ ते १९३८) जोडशब्द बहुधा मुख्य शब्दाच्या पोटात दिलेले असतात. तिथे ‘सामाशब्द’ या मथळ्यानंतर पहिले पद गाळून त्याच्या जागी छोटे शून्य छापतात. म्हणून ‘घरफोडी’ स्वतंत्र नोंद म्हणून सापडली नाही तर ‘घर’ ही लांबलचक नोंद उघडून ‘॰फोडी’, ‘॰फोड्या’ अशी रूपे शोधावीत. संगणकीय आवृत्तीत पूर्ण शब्द टाकून काहीच मिळत नाही तेव्हा कारण बहुतेक वेळा हेच असते. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ची दुसरी आवृत्तीही जोडीला घ्यावी. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या बोलण्याची ती फार चांगली साक्ष आहे. कृ. पां. कुलकर्णी यांचा मराठी व्युत्पत्तिकोश (१९४६) जोडशब्दासाठी उघडू नये. त्यात ‘घर’ आणि ‘फोडणे’ असे वेगवेगळे पाहावे.

कोशात ‘सं.’ म्हणजे संस्कृत आणि ‘प्रा.’ म्हणजे प्राकृत. शब्दाआधी तारांकन असेल तर ते रूप कुठल्या ग्रंथात सापडलेले नाही, अभ्यासकांनी मागे जाऊन बांधलेले आहे. तारांकित रूप पुरावा म्हणून उद्धृत करणे ही नेहमी होणारी चूक आहे.

ध्वनी तपासा

दोन शब्द सारखे दिसतात म्हणून एकातून दुसरा आला असे ठरत नाही. ध्वनिबदलाचा नियम लागतो का ते पाहावे आणि तोच नियम इतर शब्दांनाही लागतो का तेही पाहावे. ‘फोडणे’ या कसोटीला सुरेख उतरते. संस्कृत ‘स्फोटयति’मधला आरंभीचा ‘स्’ प्राकृतात गळतो, दोन स्वरांमधला ‘ट’ मऊ होऊन ‘ड’ होतो आणि ‘फोडेइ’ तयार होते. त्यातून मराठी ‘फोडणे’. मग ‘फुटणे’त ‘ट’ कसा टिकला? तिथे प्राकृत रूप ‘फुट्टइ’ असे आहे. ट दुहेरी असल्यामुळे तो मऊ झाला नाही, आणि पुढे मराठीत दुहेरीचा एकेरी झाला. हीच जोडी तुटणे-तोडणे आणि सुटणे-सोडणे यांत दिसते. ‘ट’ असलेले रूप आपोआप होणाऱ्या क्रियेचे आणि ‘ड’ असलेले रूप कोणीतरी करायच्या क्रियेचे. एकदा ही जोडी कळली की फुटी आणि फोडी यांतला फरक पाठ करावा लागत नाही.

‘घर’ मात्र इतके सरळ नाही. कोशात ‘सं. गृह, प्रा. घर’ असे वाचून लोक पुढे जातात. पण गृहपासून नेहमीच्या वाटेने गिह, गह अशी रूपे व्हायला हवीत, आणि तशी रूपे प्राकृतात आहेतही. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात ‘गृह’च्या जागी ‘घर’ येतो, पण पुढे ‘पति’ असेल तेव्हा येत नाही, असा वेगळा नियम केला आहे. म्हणून गृहपतीचा ‘गहवइ’ होतो. वेगळा नियम करावा लागला यातच ही वाट नेहमीची नव्हती हे दिसते. तौलनिक अभ्यासात ‘घर’साठी स्वतंत्र, तारांकित मूळ कल्पण्याचा मार्गही घेतला आहे. लेखात लिहायचे असेल तर ‘प्राकृत घर, परंपरेने संस्कृत गृहशी जोडलेला’ इतके लिहावे. एवढे निश्चित आहे.

शेजारच्या भाषांना विचारा

एखाद्या शब्दाने काय निवडले हे कळायला इतरांनी काय निवडले ते पाहावे लागते. हिंदीत सेंध लावतात आणि त्यावरून सेंधमारी. बंगालीत सिंध कापतात आणि तो चोर सिंधेल. पंजाबीत संन्ह लावतात. या तिन्हींचे मूळ संस्कृत ‘संधी’. गुजरातीत ‘खातर पाडवुं’ म्हणतात. त्यात खणण्याची ‘खन्’ धातू आहे आणि संस्कृतातला ‘खात्र’ म्हणजे असेच खणलेले भोक. राजस्थानसारख्या राज्यांत पोलिसी हिंदीत आजही ‘नकबजनी’ चालते. अरबी ‘नकब’ म्हणजे भिंतीला पाडलेले भोक आणि फारसी ‘जनी’ म्हणजे मारणे, पाडणे.

या साऱ्या भाषांच्या डोळ्यांपुढे भिंतीतले भोक आहे. मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या भिंतींच्या काळात दाराला जाड आगळ असे, पण मागची भिंत पहारीने उकरता येई. शब्द त्या काळातून आले आहेत. मराठीने भोकाला नाव देण्याऐवजी घर हे कर्म घेतले आणि ‘फोड’ या क्रियेत ते भोक राखले. आजची घरफोडी बहुधा कडी-कोयंडा उचकटून किंवा कुलूप तोडून होते, भिंत शाबूत असते, तरी शब्दात ती अजून फुटतेच. भिंतच फुटली असेल तर ते वेगळे सांगावे लागते : ‘भिंतीला भगदाड पाडून सराफी दुकान फोडले.’

संस्कृत संधी मराठीत आली नाही असे मात्र नाही. सांधा, सांधणे हे तिचेच वंशज. म्हणजे तोच शब्द हिंदीत भिंत पोखरायला लागला आणि मराठीत जोडायला. तत्सम ‘संधी’ आपल्याकडे सुयोगाच्या अर्थाने राहिली. कोशात एकाच नोंदीखाली जोड, फट, भोक आणि मोका असे अर्थ पाहून गोंधळ होतो, पण त्यांना धरणारा धागा सोपा आहे. दोन गोष्टी जिथे मिळतात तिथेच त्यांच्यामधली फटही असते.

जुने दाखले कसे वाचावेत

संस्कृतात घरफोडीला संधिच्छेद किंवा संधिभेद म्हणतात. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायातला २७६वा श्लोक रात्री संधी फोडून चोरी करणाऱ्याचे हात तोडून त्याला सुळावर द्यायला सांगतो. शिक्षेच्या क्रूरतेवर नजर खिळते, पण अर्थ शोधणाऱ्याने त्यातले दोन शब्द टिपावेत : संधी आणि रात्र. हीच दोन अंगे पुढे आधुनिक कायद्यातही दिसतात.

मृच्छकटिक या संस्कृत नाटकाच्या तिसऱ्या अंकाचे नावच संधिच्छेद आहे. त्यात शर्विलक हा चोर भिंतीपुढे उभा राहून शास्त्र आठवतो. भाजलेल्या विटा ओढून काढाव्यात, कच्च्या कापाव्यात, मातीच्या गोळ्यांची भिंत पाणी घालून भिजवावी, लाकडाची चिरावी. मग भोकाचे सात आकार येतात. उमललेले कमळ, सूर्य, चंद्रकोर, विहीर, विस्तीर्ण, स्वस्तिक आणि पूर्णकुंभ. शर्विलक पूर्णकुंभ निवडतो आणि मोजायचा दोरा घरी राहिल्यामुळे जानव्याने माप घेतो. ही नाटकातली करामत आहे, चोरांच्या प्रत्यक्ष व्यवहाराची नोंद म्हणून ती वापरू नये. पण संधिच्छेद म्हटल्यावर प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे भिंतीतले भोकच येत असे, याचा यापेक्षा स्वच्छ दाखला मिळणार नाही.

कौटिलीय अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणातला सहावा अध्याय अधिक कामाचा आहे. चोरी झालेल्या घराची पाहणी कशी करावी ते तिथे सांगितले आहे. दार सोडून दुसरीकडून येणे-जाणे झाले का, दार, जाळी, खिडकी, छपराची कड किंवा भिंत कुठे भेदली आहे, ते पाहायचे. भिंत कोणत्या बाजूने कापली, उकरलेला ढिगारा आणि घासल्याच्या खुणा कोणत्या बाजूला आहेत, हत्यारे कुठे पडली आहेत, तेही पाहायचे. या खुणा आतल्या बाजूला असतील तर काम घरातल्याचे, उलट असतील तर बाहेरच्याचे, दोन्हीकडे असतील तर दोघांच्या संगनमताचे. इथेही पहिला प्रश्न ‘काय गेले?’ हा नाही, ‘कुठून शिरले?’ हा आहे.

रूपे आणि एक हमखास फसगत

घरफोडी स्त्रीलिंगी : घरफोडी झाली, घरफोडीचा गुन्हा. अनेकवचन ‘घरफोड्या’. आणि घर फोडणाऱ्या माणसालाही ‘घरफोड्या’च म्हणतात, लाकूडतोड्यासारखे. म्हणजे स्त्रीलिंगी अनेकवचन आणि पुल्लिंगी एकवचन अक्षराअक्षराने सारखे. ‘घरफोड्या वाढल्या’ आणि ‘घरफोड्या पकडला’ यांत क्रियापद सांभाळून घेते. खरी अडचण मथळ्यात येते, कारण तिथे क्रियापदच गाळलेले असते. ‘तीन घरफोड्या उघड’ इथपर्यंत ठीक. पण ‘घरफोड्यांचा शोध सुरू’ म्हणजे गुन्ह्यांचा की माणसांचा? विभक्तीची रूपे एकच झाल्यामुळे वाचकाला ठरवता येत नाही. अशा जागी ‘घरफोडीच्या गुन्ह्यांचा तपास’ किंवा ‘घरफोडी करणाऱ्यांचा शोध’ असे फोड करून लिहावे. दोन शब्द वाढतात, पण संदिग्धता जाते. माणसांचे अनेकवचन ‘घरफोडे’ करता येते, लाकूडतोडे होतात तसे.

एकवचनात एका अक्षरावर सगळे अवलंबून आहे. ‘घरफोडीचा’ म्हणजे गुन्ह्याचा, ‘घरफोड्याचा’ म्हणजे माणसाचा. मुद्रितशोधनात ही जागा हमखास निसटते, कारण दोन्ही रूपे शुद्ध आहेत आणि शुद्धलेखन तपासणाऱ्या आज्ञावलीला त्यात काहीच खटकत नाही.

क्रियापद निवडतानाही हात जपून ठेवावा. जे बंद आहे, ज्याच्या आत काही आहे, ते उघडे करायचे तर फोडणे : नारळ, हंडी, पाकीट, गुपित. जोडलेले अलग करायचे तर तोडणे : फांदी, दोरी, नाते. म्हणून घर ‘फोडतात’, कुलूप ‘तोडतात’, कडी-कोयंडा ‘उचकटतात’, काच ‘फोडतात’, गज ‘कापतात’ किंवा ‘वाकवतात’. ‘चोरट्यांनी घर तोडले’ असे लिहिले तर वाचकाला पाडकाम दिसेल. ‘कुलूप फोडले’ बोलण्यात चालते. कुलूप काढले, उघडले की तोडले हे फिर्यादीत नेमके लिहावे, कारण पुढे त्यावर बरेच अवलंबून असते.

कायद्यातली घरफोडी

१ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. त्याआधी घडलेल्या गुन्ह्याला १८६०ची भारतीय दंड संहिताच लागते. म्हणून बातमीत कलम लिहिण्याआधी घटनेची तारीख पाहावी. फिर्याद कधी दिली यावर ते ठरत नाही.

कायदा पायऱ्यांनी बांधलेला आहे. पहिली पायरी फौजदारीपात्र अतिक्रमण. जुन्या मराठी भाषांतरात यासाठी ‘आगळीक’ असाही शब्द आढळतो. दुसऱ्याच्या ताब्यातल्या जागेत अपराध करण्याच्या किंवा ताबेदाराला धमकावण्याच्या, अपमानित करण्याच्या, त्रास देण्याच्या हेतूने शिरणे किंवा थांबून राहणे म्हणजे हे अतिक्रमण. ते राहते घर, तंबू, जहाज, प्रार्थनास्थळ किंवा मालमत्ता ठेवण्याची इमारत यांत झाले की गृह-अतिक्रमण. म्हणून दुकान, गोदाम आणि देऊळ यांचीही घरफोडी होऊ शकते. गाडीची काच फोडून पिशवी नेली तर मात्र नाही. शरीराचा कोणताही भाग आत गेला तरी प्रवेश पुरा झाला असे कायदा मानतो.

आता घरफोडी. गृह-अतिक्रमण ठरावीक सहा रीतींपैकी एका रीतीने झाले की ते घरफोडी होते. न्याय संहितेत हे कलम ३३०(२), दंड संहितेत ४४५. चोराने किंवा त्याच्या साथीदाराने स्वतः तयार केलेल्या वाटेने शिरणे, ही पहिली रीत. जी वाट माणसांच्या ये-जा करण्यासाठी नाही तिने, किंवा भिंत वा इमारत चढून गाठलेल्या वाटेने शिरणे, ही दुसरी. घराच्या ताबेदाराला अभिप्रेत नसलेल्या युक्तीने उघडलेली वाट, ही तिसरी. कुलूप उघडून, ही चौथी. बळ वापरून, हल्ला करून किंवा हल्ल्याची धमकी देऊन, ही पाचवी. आणि प्रवेशाला अटकाव म्हणून बंद केलेली आहे हे ठाऊक असलेली वाट मोकळी करून, ही सहावी. या रीतींनी आत येणे जसे घरफोडी, तसेच आत अपराध करून किंवा अपराधाच्या हेतूने आत असताना याच रीतींनी बाहेर पडणेही घरफोडी. बाहेर पडण्याचा हा भाग बहुतेकांच्या नजरेतून सुटतो.

कायद्याने दिलेली उदाहरणे मुळातून वाचावीत, कारण ती शब्दाचा रोजचा अर्थ ताणून दाखवतात. भिंतीला भोक पाडून नुसता हात आत घातला तर घरफोडी. दाराच्या भोकातून तार घालून खिटी उचलली तर घरफोडी. मालकाची हरवलेली किल्ली सापडली आणि तिने दार उघडून आत शिरला, तरी घरफोडी. या तिसऱ्या उदाहरणात काहीही फुटलेले नाही. बळही नाही, मोडतोडही नाही, आहे ती फक्त आपली नसलेली वाट. उलट, सताड उघड्या दारातून चालत आत येऊन कपाटावरचा ऐवज उचलला तर ती राहत्या घरातली चोरी (कलम ३०५, जुने ३८०), घरफोडी नव्हे, मग ऐवज कितीही मोठा असो.

दुसरी गोष्ट, चोरी हा घरफोडीच्या व्याख्येचा भाग नाही. काहीही न नेता घरफोडी पुरी होते. चोरीचा हेतू शिक्षा वाढवतो. कलम ३३१(१)खाली नुसत्या घरफोडीला दोन वर्षांपर्यंत, ३३१(२)खाली सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी केली तर तीन वर्षांपर्यंत कारावास. कारावासाची शिक्षा असलेला एखादा अपराध करण्यासाठी केली तर ३३१(३)नुसार तीन वर्षांपर्यंत, आणि तो अपराध चोरीचा असेल तर दहा. तेच रात्री केले तर ३३१(४)नुसार पाच, आणि चोरीसाठी असेल तर चौदा. जुन्या बातम्यांत भेटणारे ‘४५४, ४५७, ३८०’ हे त्रिकूट आज ‘३३१(३), ३३१(४), ३०५’ असे दिसते. दंड संहितेत रात्रीच्या घरफोडीची ४४६ ही वेगळी व्याख्या होती. नव्या संहितेत ती नाही, वेळ शिक्षेच्या पोटकलमातच आली आहे. पोलिसी बोलण्यात मात्र ‘दिवसा घरफोडी’ आणि ‘रात्री घरफोडी’ ही विभागणी कायम आहे. घरफोडीचे तिथले लघुरूप ‘एचबीटी’, म्हणजे ‘हाउस ब्रेकिंग थेफ्ट’.

जबरी चोरी आणि दरोडा यांच्याशी घरफोडीची सरमिसळ करू नये. जबरी चोरीत (कलम ३०९) माणसाला इजा, अटकाव किंवा तत्काळ इजेची भीती असते. ती पाच किंवा अधिक जणांनी मिळून केली की दरोडा (कलम ३१०). बंद घर फोडून पन्नास तोळे सोने गेले तरी तो दरोडा होत नाही. दरोड्याला रकमेची अट नाही, माणसांची आहे.

इंग्लंडच्या कायद्याशी तुलना करणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे. तिथल्या जुन्या ‘बर्ग्लरी’ला रात्र आणि राहते घर या दोन्ही अटी होत्या. १९६८च्या चोरीविषयक कायद्याने रात्रीची अट काढली आणि ‘फोडण्याची’ही, अतिक्रमी म्हणून शिरणे पुरेसे केले. त्यामुळे बर्ग्लरीला घरफोडी हा प्रतिशब्द कथेच्या अनुवादात चालेल, कायद्याच्या अनुवादात नाही.

विमा आणि फिर्याद

विमापत्रातला अर्थ सर्वांत अरुंद. बहुतेक घरफोडी विम्यात ‘बळजबरीने आणि मोडतोड करून केलेला प्रवेश किंवा निर्गमन’ अशी अट असते. सर्वोच्च न्यायालयाने २००४मध्ये हेच ठरवले : विमापत्रात बळाची अट असेल तर ती पुरी झालीच पाहिजे, आणि अर्थ विमापत्राच्या शब्दांवरून घ्यायचा. म्हणून सापडलेल्या किल्लीने झालेला प्रवेश पोलिसांच्या दप्तरी घरफोडी ठरेल आणि तरीही विम्याचा दावा नाकारला जाईल. विमा घेताना व्याख्येचे पान काढून त्यात ‘चोरी’ वेगळी नोंदली आहे का, हे पाहावे.

फिर्याद लिहिताना ‘घरफोडी झाली’ एवढ्यावर थांबू नये. ती नोंद काय ठरेल हे तपशिलावर ठरते. घर कधी आणि कसे बंद केले : कुलूप, कडी, आतली खिटी, खिडकीचे गज. परत कधी आलात. वाट कोणती, आणि ती आधी कशी बंद होती. काय उचकटलेले, वाकलेले, कापलेले दिसले, आणि लाकडाच्या ढलप्या किंवा काचा आत पडल्या की बाहेर. बाहेर असण्याचा काळ दिवस आणि रात्र दोन्हींत पसरला असेल तर तसेच लिहावे, अंदाजाने एक वेळ ठोकून देऊ नये. अशा वेळी ३३१(३) आणि ३३१(४) दोन्ही एकत्र लावलेली दिसतात. ऐवजाची यादी शेवटी द्यावी. पंचनामा होईपर्यंत कोयंडा परत बसवू नये आणि काचा झाडू नयेत.

लाक्षणिक वापर

एकत्र कुटुंबात भांडणे लावणे, दुसऱ्या पक्षाचे आमदार वळवणे, याला ‘घर फोडणे’ म्हणतात. इथे घर म्हणजे माणसे, आणि फोडणारा बहुधा बाहेरचा. घरातलेच आपसांत वेगळे झाले तर ‘घर फुटले’ म्हणणे नेमके, कारण तिथे बाहेरचा कर्ता नाही. या अर्थाने क्रियापदच वापरावे. ‘घरफोडी’ हे नाम एवढे गुन्ह्याला चिकटलेले आहे की ‘त्या दोन भावांमध्ये घरफोडी झाली’ वाचून कुणालाही कुलपाची आठवण होईल. राजकारणासाठी ‘फोडाफोडी’ हे नाम आहेच, आणि त्यात अशी गल्लत होत नाही.